घाटातील विरळ हवा आणि कार्ब्युरेटरची विद्या

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील कोणत्याही गावच्या गॅरेजात घटकाभर उभे राहिले, तर एक तक्रार हमखास कानी पडते, आणि ती अशी की, गाडी सपाटीला ठीक पळते, परंतु घाटाला लागली की दम खाते, पिकअप देत नाही, आणि वर पोहोचल्यावर एका जागी उभी केली तर रेस उतरून आपोआप बंद पडते. या तक्रारीवर जो इलाज सर्रास केला जातो तो असा की, गाडीला पेट्रोल कमी पडते आहे असे गृहीत धरून कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवावा आणि पेट्रोल वाढवून द्यावे, किंवा वाटेतच चोक ओढून उरलेला चढ कसाबसा पार करावा. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. उंचीवर इंजिनाला जी कमी पडते ती हवा. आणि हवाच अपुरी असताना पेट्रोल वाढवीत जाणे हे फुंकणी बाजूला ठेवून चुलीत लाकडे कोंबीत राहण्यासारखे आहे. धूर वाढतो, आच वाढत नाही.

या मुलखाची उंचसखल रचना ध्यानी घेतल्यावाचून हा विषय नीट उमगणार नाही. कृष्णेच्या काठी वसलेली सांगली आणि तिच्या शेजारचे मिरज ही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहेत. नदीच्या उगमाकडे जावे तसा प्रदेश हळूहळू चढत जातो, सातारा व वाई ही शहरे सातशे मीटरच्या आगेमागे येतात, आणि तेथून पुढे मात्र सह्याद्री एकाएकी उभा राहतो. यवतेश्वराचा घाट चढून गेले की कासचे पठार सुमारे बाराशे मीटरवर, पसरणी घाट संपला की पाचगणी तेराशेच्या जवळपास, आणि महाबळेश्वर साडेतेराशेच्या घरात, ज्याचे सर्वांत उंच स्थळ जो विल्सन पॉइंट तो १४३९ मीटरवर. सातारच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी १८२९ साली खंडाळा गावाच्या मोबदल्यात महाबळेश्वरचा टापू कंपनी सरकारच्या हवाली केला आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने तेथे पेठ वसली, ती सारी खटपट मुख्यतः तेथील थंड आणि हलक्या हवेसाठी होती. माणसाने ज्या हवेची अशी मातब्बरी मानली, तिचाच हलकेपणा पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्रास बाधतो, आणि तो का व किती बाधतो याचा हिशोब करता येण्याजोगा आहे. तो केला नाही म्हणूनच गैरसमजास वाव राहिला आहे.

इंजिन हवा घेते ती आकारमानाने, वजनाने नव्हे. शंभर घनसेंटिमीटरचे इंजिन सांगलीत असो की लडाखातील एखाद्या खिंडीत असो, प्रत्येक फेऱ्यास ते तेवढीच जागा भरून घेते. परंतु त्या जागेत मावणाऱ्या हवेचे वजन उंचीप्रमाणे घटत जाते. समुद्रकाठच्या हवेची घनता १०० धरली, तर प्रमाणभूत वातावरणाच्या कोष्टकाप्रमाणे ती सांगलीस सुमारे ९५, साताऱ्यास ९३, महाबळेश्वरी ८७-८८, साडेतीन हजार मीटरवरील लेह शहरी ७०, आणि खारदुंग ला या खिंडीच्या माथ्यावर, म्हणजे ५३५९ मीटरवर, अवघी ५८ भरते. इंजिनाची ताकद ही त्यात शिरणाऱ्या हवेच्या वजनावर अवलंबून असल्यामुळे ती साधारणतः याच मानाने उतरते, आणि ही उतरलेली ताकद कोणत्याही स्क्रूने, कोणत्याही जेटने किंवा कोणत्याही मेकॅनिकच्या हातगुणाने परत मिळत नाही. ही गोष्ट स्पष्ट सांगणे अवश्य आहे, कारण घाटात गाडीने गावच्यासारखेच पळावे ही अपेक्षा मनात धरूनच पुष्कळ लोक गॅरेजाची पायरी चढतात.

दुसरा भाग मिश्रणाचा. आणि तो मात्र माणसाच्या हातातला आहे. पेट्रोलचे पुरते ज्वलन व्हावयाचे तर एक भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, आणि हे प्रमाण राखण्यासाठी कार्ब्युरेटरात जी योजना आहे ती इतकी साधी आहे की तिच्या साधेपणाबद्दल आदर वाटावा : नळीच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाऊ लागली म्हणजे तेथील दाब उतरतो, आणि त्या उतरलेल्या दाबाच्या ओढीने खालच्या वाटीतील पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर येऊन हवेत मिसळते. हवा विरळ झाली की ही ओढही कमी होते, नाही असे नाही. परंतु हवेचे वजन ज्या प्रमाणात घटते, त्याच्या केवळ वर्गमुळाच्या प्रमाणात पेट्रोलचा ओघ घटतो. हवा अधिक घटली आणि पेट्रोल कमी घटले, असा हा विषम व्यवहार असल्यामुळे उंची वाढेल तशी पेट्रोलची बाजू जड होत जाते, आणि गॅरेजच्या भाषेत गाडी रिच होते. साताऱ्यात नीट जमवलेली गाडी महाबळेश्वरी पोहोचेपर्यंत किती रिच होत असेल, हे या नियमाने काढून पाहिले, तर उत्तर तीन-साडेतीन टक्के येते; सांगलीहून निघालेल्या गाडीच्या बाबतीत चार टक्के. तीच साताऱ्याची गाडी लेहला पंधरा टक्के, आणि खारदुंग लावर सत्तावीस टक्क्यांच्या घरात रिच होते.

या आकड्यांतून जो निर्णय निघतो तोच मला येथे आग्रहाने मांडावयाचा आहे. महाबळेश्वरासाठी कार्ब्युरेटरास हात लावू नये, आणि लडाखसाठी तो लावल्यावाचून घर सोडू नये. तीन-चार टक्क्यांचा फरक कोणतेही निकोप इंजिन बिनतक्रार पचवते. सकाळची थंडी आणि दुपारचे ऊन यांच्यामुळे एकाच गावात हवेच्या घनतेत तेवढा बदल होतच असतो, आणि त्यासाठी कोणी दिवसातून दोनदा स्क्रू फिरवीत बसत नाही. मग पसरणीच्या वळणावर जी गाडी घुटमळते, काळा धूर सोडते आणि मागच्या सबंध रांगेस खोळंबवते, तिचे दुखणे उंचीने निर्माण केलेले नसते; ते सपाटीवरच जडलेले असते, फक्त तेथे झाकून राहिलेले असते, आणि चढाचा भार व हवेचा थोडासा विरळपणा यांनी ते उघडकीस आणलेले असते.

वाईत घाटाच्या पायथ्याजवळच्या एका लहान गॅरेजात मी हे प्रत्यक्ष पाहिले. पश्चिमेकडच्या खोऱ्यातून रोज दुधाच्या कॅन आणणाऱ्या एका गृहस्थांची शंभर सीसीची जुनी मोटारसायकल तेथे आली होती आणि 'मालक, जेट मोठा टाका, चढाला ओढत नाही' असा त्यांचा आग्रह होता. वयाने साठीच्या पुढे गेलेल्या त्या मिस्त्रींनी जेटला हात लावला नाही. त्यांनी आधी प्लग खोलला आणि उजेडाकडे धरून पाहिला : त्याचे टोक कोरड्या, मखमली काजळीने भरलेले होते. नंतर एअर फिल्टरचे झाकण काढले, आणि आतील फोम मुरमाच्या तांबड्या धुळीने इतका कोंदला होता की दाबल्यावर त्यातून पूड गळाली. तो रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, तेलाचा हात देऊन त्यांनी बाजूस ठेवला आणि मग कार्ब्युरेटरची स्लाइड बाहेर काढून तिच्यातील निडल बोटांत धरली. अंगठ्याचे नख तिच्यावरून वरून खाली फिरवीत नेले, एका ठिकाणी थांबले, आणि तेथे निडल एका अंगाने घासून चकचकीत झाली आहे हे त्या गृहस्थांच्या हाताचे नख तेथे टेकवून त्यांना पटवून दिले. निडल झिजली म्हणजे तिच्या भोवतीची फट वाढते आणि पेट्रोल अधिक येते. फिल्टर कोंदला म्हणजे हवा कमी येते. ही दोन कारणे एकत्र आली की सपाटीवरच गाडी दहा-पंधरा टक्के रिच चाललेली असते, आणि तिला आणखी मोठा जेट देणे हे दुखण्यात भर घालणे आहे. निडल व तिचा जेट नवे बसले, फिल्टर जागेवर गेला, इंजिन तापू दिले गेले, आणि मग स्क्रू सावकाश फिरवीत जेथे इंजिनाची गती सर्वांत अधिक लागते तेथे तो ठेवून रेस पुन्हा खाली उतरवली गेली. 'आबा, आता बघा, आणि चढाला टॉप गियरचा हट्ट धरू नका,' एवढे बोलून मिस्त्री पुढच्या गाडीकडे वळले.

त्या शेवटच्या वाक्यात अर्धी विद्या आहे. सातशे मीटरवरून साडेतेराशे मीटरवर जाताना इंजिनाची सहा-सात टक्के ताकद गेलेलीच असते, आणि तीतून चढ, पाठीमागे बसलेले माणूस, कॅन किंवा स्ट्रॉबेरीच्या पेट्या यांचा भार वजा करावयाचा असतो. अशा वेळी गियर उतरवून इंजिनाला मोकळ्या गतीने फिरू देणे हाच खरा उपाय आहे, कारण पूर्ण रेस देऊन वरच्या गियरात इंजिन दाबत राहिले की ते तापते, ठोकू लागते, आणि पेट्रोल तर अधिक खातेच. भिलार, पाचगणी आणि जावळीच्या खोऱ्यातले जे शेतकरी व दूधवाले हा चढ-उतार रोजच्या पोटासाठी करतात, त्यांच्या दृष्टीने हा हिशोब किरकोळ नाही. वर्षास बारा हजार किलोमीटर चालणारी गाडी लिटरला साठ किलोमीटर देत असेल तर तिला दोनशे लिटर पेट्रोल लागते, आणि तीच दहा टक्के रिच चालली तर वीस लिटर पेट्रोल काजळी होऊन नळीतून बाहेर जाते. वर प्लग खराब होतो आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते, त्याची झीज निराळी.

जेट साफ करण्याच्या नावाखाली त्यात तार घालणे हा एक प्रकार तर बंदच व्हावयास हवा. जेटचे भोक हे मापाने पाडलेले असते. पुष्कळ कार्ब्युरेटरांत त्याच्यावर कोरलेला आकडा हा त्या भोकाचा व्यास असतो, म्हणजे १०० आकड्याचा जेट म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. पितळेसारख्या मऊ धातूत पोलादी तार दोनचार वेळा फिरली की ते माप कायमचे बिघडते, आणि बिघडलेले माप डोळ्यांस दिसत नाही. साफ करावयाचा तर पेट्रोलने धुवावा आणि हवेच्या दाबाने फुंकावा, एवढे पुरते.

पावसाळ्यात या दुखण्याचे आणखी एक सोंग दिसते. महाबळेश्वरी वर्षास साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलेले कासचे पठार फुलांच्या दिवसांत पाहावयास जाणाऱ्यांना ऑगस्ट-सप्टेंबरच्या धुक्यातूनच जावे लागते. अशा दिवसांत टाकीच्या झाकणातून झिरपलेले किंवा टाकीतच दवासारखे साचलेले पाणी पेट्रोलापेक्षा जड असल्यामुळे कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाशी जाऊन बसते, आणि गाडी अडखळू लागली की दोष उंचीवर ढकलला जातो. वाटीच्या बुडाशी असलेला लहानसा स्क्रू सैल करून तळचे पाणी वाहू दिले की पाच मिनिटांत गाडी पूर्ववत चालते. परंतु यवतेश्वराच्या वाटेवर धुक्यात उभ्या असलेल्या तरुणांपैकी तो स्क्रू कोठे असतो हे ठाऊक असलेले थोडेच निघतील.

लडाखची गोष्ट मात्र सर्वस्वी वेगळी आहे. या दोन जिल्ह्यांचा हिमालयाशी संबंध जुना आहे. ज्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हे उपपदच जडले, त्या गावचे आणि आसपासच्या तालुक्यांचे जवान पिढ्यान्‌पिढ्या त्या बर्फातल्या ठाण्यांवर राहिले. अलीकडे त्यांच्याच गावची मुले मोटारसायकली घेऊन हौसेने त्या वाटेस जातात, त्यांत २०२० पूर्वीची कार्ब्युरेटरची बुलेट असते, जुनी येझदी असते, घरची शंभर सीसीचीही असते. मनालीची वाट धरली तर बारालाचा ला सुमारे ४८९० मीटरवर आणि तंगलांग ला ५३०० मीटरच्या वर लागते. श्रीनगरची वाट त्या मानाने सौम्य, झोजी ला ३५२८ आणि फोटू ला ४१०८ मीटर. पंधरा ते सत्तावीस टक्के जादा पेट्रोल हे कोणत्याही इंजिनाच्या पचनापलीकडचे आहे. प्लग काळे पडतात, गाडी मिस मारते, थंडीत सकाळी चालू होत नाही, आणि मनालीच्या वाटेवर तांदीनंतर लेहच्या आसपास पोहोचेपर्यंत शेकडो किलोमीटर पंप नसताना पेट्रोलचा सगळा अंदाज कोसळतो. म्हणून तेथे मिश्रण पातळ करणे, म्हणजे पेट्रोल कमी करणे, क्रमप्राप्त आहे, आणि ते तीन ठिकाणी करावे लागते. रेस जवळजवळ बंद असताना पायलट जेट आणि मिश्रणाचा स्क्रू यांचा अंमल असतो, पाव ते पाऊण रेसपर्यंत निडलचा, आणि त्यापुढे मेन जेटचा. नुसता एक स्क्रू फिरवून तिन्ही ठिकाणचे काम होईल अशी समजूत करून घेऊन जाणाऱ्याचा घात होतो.

स्क्रूच्या बाबतीत आधी तो कोठे आहे ते पाहावे. तो स्लाइडच्या अलीकडे, एअर फिल्टरच्या बाजूस असेल तर तो हवेचा स्क्रू होय, आणि बाहेर सोडला म्हणजे मिश्रण पातळ होते. पलीकडे, इंजिनाच्या बाजूस असेल तर तो पेट्रोल आवरणारा असतो, आणि तो आत घेतला म्हणजे पातळ होते. ही एक खूण ध्यानात नसल्यामुळे कितीतरी ठिकाणी उलट इलाज होतो. निडलवर बहुधा पाच खाचा असतात आणि क्लिप मधल्या खाचेत बसवलेली असते. ती एक खाच वर सरकवली की निडल खाली उतरते आणि पेट्रोल आवरते. मेन जेट बदलावयाचा तर, आकडा व्यासाचा असेल तेथे, १०० ऐवजी ९२ किंवा ९५ घेणे लेहच्या उंचीस पुरेसे आहे. खिंडीच्या माथ्यासाठी त्याहून लहान जेट बसवण्याच्या मोहात मात्र पडू नये, असे माझे मत आहे. खिंडीत मुक्काम नसतो, मुक्काम लेहला असतो, आणि प्रवासाचे बहुतेक दिवस त्याच उंचीच्या आसपास जातात. खिंड पहिल्या-दुसऱ्या गियरात सावकाश पार करावी, थोडा काळा धूर सोसावा, आणि गाडी लेहच्या हवेस जमवून ठेवावी. ज्या गाड्यांत दाबाच्या ओढीने आपोआप उचलली जाणारी स्लाइड असते, त्यांत हे अंतर काही अंशी आपसूक भरून निघते, पण ते सगळे निघत नाही, आणि पायलटचे काम तेथेही हातानेच करावे लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट परतीची, आणि तिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. लेहसाठी पातळ केलेले मिश्रण घेऊन कोणी तसाच उतरत चंदीगडच्या मैदानात आला, तर तेथल्या दाट हवेत ते मिश्रण धोक्याइतके पातळ ठरते. इंजिन विलक्षण तापते, ठोकू लागते, आणि भर वेगात पिस्टन जाम होतो किंवा त्याला भोक पडते. रिच गाडी नुकसान करते ते पैशाचे आणि प्लगचे; अति पातळ गाडी इंजिनाचाच जीव घेते, आणि प्रसंगी चालकाचाही. सबब मनाली किंवा श्रीनगर गाठताच जेट आणि क्लिप मूळच्या जागी आणल्याखेरीज पुढचा प्रवास करू नये, आणि मूळ मापे निघतानाच एका कागदावर लिहून टाकीखाली चिकटवून ठेवावीत. पेट्रोलात तेल मिसळून चालणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या बाबतीत तर दुप्पट सावधपणा हवा, कारण तेथे पेट्रोल कमी केले की त्याबरोबर वंगणही कमी होते. आणि हवा कमी पडते म्हणून एअर फिल्टरच काढून टाकण्याचा जो सल्ला वाटेवर कोणीही देतो, तो कधीही मानू नये. लडाखची धूळ काचेच्या पुडीइतकी कठीण असते, आणि फिल्टरवाचून केलेला आठवड्याभराचा प्रवास सिलिंडरास पुष्कळ वर्षांइतका झिजवतो.

आता कोणी म्हणेल की, १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे प्रमाण अमलात आले, नव्या मोटारसायकलींत बहुतांशी कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले, हवेचा दाब मोजणारा सेन्सर उंचीचा हिशोब आपला आपण करतो, मग या मावळत्या विद्येची एवढी काळजी कशाला? या आक्षेपास माझे उत्तर असे की, कायदा नव्या गाडीपुरता आहे, गावोगावची जुनी गाडी अजून रस्त्यावर आहे आणि पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून ती पुढेही कायदेशीर चालणार आहे. ती चालवणारा मनुष्य बहुधा तो असतो ज्याला नवी गाडी परवडत नाही. विद्या मात्र गाडीच्या आधी मरते. वाईच्या त्या मिस्त्रींच्या हाताखालचा मुलगा आज स्कॅनर लावून दोषाचा आकडा वाचावयास शिकतो आहे, ते योग्यच आहे; परंतु निडलवरून नख फिरवून झीज ओळखणे त्याला कोणी शिकवले नाही, तर दहा वर्षांनी घाटाखालच्या सगळ्या जुन्या गाड्या तारेने साफ केलेल्या जेटवर चालतील.

या भागास यंत्रविद्या नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर लोखंडी नांगराचा कारखाना आणला, सातारला कूपर यांच्या कारखान्यात इंजिने होऊ लागली, १९४७ साली सांगलीस अभियांत्रिकीचे महाविद्यालय निघाले तेच पुढे वालचंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले, आणि १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सने सातारच्या औद्योगिक वसाहतीत 'प्रिया' ही स्कूटर बांधून काढली. म्हणजे महाबळेश्वरच्या पायथ्याशी केवळ दुचाक्या चालवल्या गेल्या नाहीत, त्या निर्माण झाल्या, आणि त्यांच्या कार्ब्युरेटरांचे जेट बसवणारे हात याच गावचे होते. त्यांतील अनेक हात आज निवृत्त होऊन घरी बसले आहेत. तालुक्यातालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी अशा माणसांस मानधन देऊन बोलवावे, दुचाकीच्या वर्गात एक महिना त्यांच्या हवाली करावा, आणि विद्यार्थ्यांची परीक्षा कागदावर न घेता साताऱ्यात जमवलेली गाडी पाचगणीस नेऊन प्लग वाचावयास लावून घ्यावी. वालचंदच्या विद्यार्थ्यांस घनता आणि वर्गमूळ यांचा हिशोब येतोच. त्यांनी सांगलीपासून खारदुंग लापर्यंतच्या उंचीचा, हवेचा आणि जेटच्या आकड्यांचा एक मराठी तक्ता तयार करून दोन्ही जिल्ह्यांतील गॅरेजांस पुरवला, तर तो भिंतीवर टांगून ठेवण्यास कोणताही मिस्त्री तयार होईल.

दुसरी मागणी परिवहन खात्याकडे आहे. धुराची जी तपासणी आज होते ती पेट्रोलच्या दुचाकीच्या बाबतीत इंजिन नुसते चालू ठेवून, रेस न देता होते. चढावर निडल आणि मेन जेट काय करतात याचा तिच्यात थांगच लागत नाही. महाबळेश्वर-पाचगणीचा टापू २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला आहे, आणि तेथील हवा राखण्यासाठी पर्यटकांच्या मोटारींबद्दल जे नियम व्हावयाचे ते व्हावेत. परंतु दूधवाल्याच्या काळ्या धुरावर दंडाची पावती फाडणे हा न्याय नव्हे, कारण त्याच्या गाडीतील दोष हा बहुधा कोंदलेल्या फिल्टरचा आणि झिजलेल्या निडलचा असतो, व तो थोड्या खर्चात जाण्याजोगा असतो. दंडाऐवजी मे महिन्याच्या सुटीपूर्वी वाईत, आणि कासचा फुलांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी साताऱ्यात बोगद्याजवळ, खात्याने प्रशिक्षण संस्थांच्या मदतीने चार दिवसांचे तपासणी-शिबिर भरवावे. फिल्टर धुवावा, प्लग पाहावा, वाटीतील पाणी काढावे, निडल झिजली असेल तर मूळ किमतीत बदलून द्यावी, आणि त्याची नोंद गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवण्याजोग्या एका चिठ्ठीवर करून द्यावी. पहिली दोन वर्षे ही तजवीज विनामूल्य असावी. तिसऱ्या वर्षी लोक स्वतःहून रांगेत उभे राहतात की नाही हे पाहून पुढचे ठरवता येईल.